पर्यावरणस्नेही दफन: पेटी निवडण्याआधी माती बघा

तुम्ही विचारलंय ते असं: वडिलांनी सांगून ठेवलं आहे की आपलं दफन व्हावं, पण त्यामुळे जमिनीला आणि पाण्याला त्रास होता कामा नये. शोधायला बसल्यावर तुमच्यापुढे झाड उगवणाऱ्या कुप्या, बुरशीचे पोशाख, बांबूच्या पेट्या, पाण्याने होणारं 'दहन', देहाचं कंपोस्ट असं बरंच काही आलं. यातलं खरं काय आणि नुसतं विकण्यापुरतं काय? उथळ दफन केलं तर विहिरीचं पाणी बिघडेल का, जनावरं उकरतील का?

मी मृदाशास्त्र शिकले आणि अनेक वर्षं नैसर्गिक दफनभूमींसाठी जागा तपासणं, खड्ड्यांची आखणी आणि नंतरची लागवड हेच काम करते आहे. त्यामुळे मी पेटीकडे सगळ्यात शेवटी वळते. माझ्या अनुभवात दफन निसर्गाला किती जड जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं: देहाबरोबर जमिनीत काय जातं, तो किती खोल ठेवला जातो, आणि त्या जमिनीचं पुढे काय होतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वस्तू यातल्या पहिल्या मुद्द्याच्या एका कोपऱ्यापुरत्या आहेत.

आधी देहाबद्दलची भीती दूर करू. 70 किलो वजनाच्या माणसात 40 लिटरच्या आसपास पाणी असतं. उरलेल्यात साधारण 16 किलो कार्बन, दोन किलोंच्या जरा आत नायट्रोजन, किलोभर कॅल्शियम, पाऊण किलोच्या आसपास फॉस्फरस, आणि थोडं सोडियम, पोटॅशियम, गंधक. जिवंत मातीला यातलं काहीही परकं नाही. जंगलात एखादं मोठं जनावर मरून पडतं तिथला झाडोरा काही आठवडे जळल्यासारखा दिसतो, कारण एकदम फार नायट्रोजन आणि क्षार मिळतात. पुढच्या हंगामात मात्र त्याच जागी सर्वांत दाट गवत असतं. त्रास होतो तो देह टिकावा म्हणून आपण त्यात भरलेल्या फॉर्मल्डिहाइड या रसायनाचा, पेटीच्या वार्निशचा, धातूच्या कड्यांचा, पेटीभोवती पुरलेल्या काँक्रीटच्या कोठीचा आणि वरच्या पॉलिश केलेल्या दगडाचा. म्हणून पर्यावरणस्नेही दफन करताना बहुतेक वेळा काहीतरी नवं आणावं लागत नाही, नेहमीचं बरंच काही वगळावं लागतं. हे समजलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता खोलीबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक पेटीवर महिनाभर विचार करतात आणि खोली खोदणाऱ्यावर सोडून देतात.

कुजण्याचं काम मुख्यतः मातीच्या वरच्या थरात चालतं. वरच्या दोन-तीन फुटांत मुळं, गांडुळं, बुरशीचे धागे असतात आणि हवा खेळती असते. खाली जावं तसा प्राणवायू कमी होत जातो. सहा फुटांवर, त्यातही चिकण जमिनीत, हे काम हवेशिवाय जगणाऱ्या जीवाणूंच्या हाती जातं. ते फार संथपणे चालतं आणि त्यातून मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात. शिवाय तिथे पाणी साचत असेल तर शरीरातल्या चरबीचं मेणासारख्या घट्ट पदार्थात रूपांतर होतं. त्याला ॲडिपोसीअर म्हणतात. हे मेण एकदा तयार झालं की देह कित्येक दशकं तसाच राहू शकतो. जर्मनीत कबरीची जागा ठरावीक मुदतीनंतर पुन्हा वापरतात. तिथल्या काही दफनभूमींत मुदत संपल्यावर खोदलं तेव्हा मेणावलेले देह सापडले आणि माती बदलण्याचे, निचरा सुधारण्याचे खटाटोप करावे लागले. चूक पेटीची नव्हती, ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीची होती.

19व्या शतकात योहान लुडविग कॅस्पर या जर्मन न्यायवैद्यकतज्ज्ञाने एक ढोबळ प्रमाण सांगितलं होतं: उघड्या हवेत आठवड्यात जितकं विघटन होतं तितक्याला पाण्यात दोन आठवडे आणि जमिनीखाली आठ आठवडे लागतात. माती, तापमान, कपडे, देहाची ठेवण यांनी हा हिशेब खूप बदलतो, पण हवेचं महत्त्व त्यातून नीट कळतं.

म्हणून नैसर्गिक दफनात खड्ड्याचा तळ साधारण साडेतीन ते चार फुटांवर ठेवतात. देहावर किमान दीड फूट माती हवीच, अडीच फूट मिळाली तर मला बरं वाटतं. काही ठिकाणी कायद्यानेच किमान खोली ठरवून दिलेली असते. ती आधी विचारून घ्या, आणि त्या किमान मर्यादेपेक्षा विनाकारण खाली जाऊ नका.

खड्डा भरायची पद्धतही महत्त्वाची आहे. खोदताना वरची सुपीक माती एका बाजूला आणि खालची फिकट माती दुसऱ्या बाजूला काढायला सांगा. तळाला अर्धा फूट जाडीचा बारीक फांद्या, लाकडाच्या ढलप्या आणि वाळल्या पाल्याचा थर द्या. शरीरात नायट्रोजन भरपूर आणि लाकडात कार्बन भरपूर, त्यामुळे चांगल्या खताच्या ढिगात ओला-सुका कचरा एकत्र घालून जे साधतो तेच इथे साधतं. हा थर पाझरणारं पाणी धरून ठेवतो आणि देहाखाली हवेला जागा देतो. देहाभोवती थोडी सुपीक माती, मग खालची माती, आणि उरलेली सुपीक माती पुन्हा सगळ्यात वर. धुम्मस करून माती दाबू नका. वर दीड-दोन फुटांचा उंचवटा राहील तो राहू द्या. वर्षभरात, विशेषतः पावसानंतर, तो बसत जातो. उंचवटा विचित्र दिसतो म्हणून सपाट करून घेतलेल्या जागी पुढे खड्डा पडतो, त्यात पाणी साचतं आणि मग बाहेरून माती आणून ओतावी लागते.

मऊ भागांचं विघटन अशा जमिनीत काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांत होतं. हाडांचा हिशेब वेगळा. आम्लधर्मी मातीत ती काही दशकांत विरतात, चुनखडीच्या जमिनीत शतकानुशतकं टिकतात.

जनावरांची भीती जवळजवळ प्रत्येक कुटुंब बोलून दाखवतं, आणि ती समजण्यासारखी आहे. वास जमिनीतून वर आला तरच प्राणी उकरतात. दीड फूट भुसभुशीत, सलग माती वास शोषून घ्यायला पुरते, आणि वर उंचवटा असतोच. अगदीच मनाला शांतता हवी असेल तर पहिल्या काही आठवड्यांसाठी वर काटेरी फांद्या पसरवा. लोखंडी जाळी पुरू नका.

पाण्याचा प्रश्न मात्र खरोखर गंभीर आहे आणि तो जागा निवडतानाच सोडवायचा असतो. विघटनातून सुटणाऱ्या नायट्रोजनचं मातीत हळूहळू नायट्रेट होतं आणि नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहतं. रोगजंतूंचं तसं नसतं. काही फूट कोरड्या मातीतून पाझरताना बहुतेक गाळले जातात किंवा मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998 च्या दफनभूमींवरील अहवालात आणि नंतर काही देशांच्या नियमांत जवळपास सारखेच आकडे आहेत: पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा कूपनलिका 250 मीटर लांब, इतर झरे-ओढे 30 मीटर लांब, शेताचे चर 10 मीटर लांब, आणि खड्ड्याच्या तळाखाली भूजलाच्या सर्वोच्च पातळीपर्यंत किमान 1 मीटर मोकळी माती. इथेही उथळ खड्डा फायद्याचाच ठरतो, कारण खड्डा जितका वर तितका गाळणारा थर जाड. पाणी वाचवायचं म्हणून खोल खणा, हा सल्ला नेमका उलटा आहे.

जागा बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, पण आधी पाच-सहा फुटांचा एक चाचणी खड्डा खणून मागा आणि त्याच्या भिंती स्वतः पाहा. माती राखाडी-निळसर असेल, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके असतील, तर वर्षातला बराच काळ तिथे पाणी भरून राहतं. तुम्ही गेलात त्या दिवशी ती कितीही कोरडी असली तरी रंग खोटं बोलत नाही. खड्ड्यात पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर जागा नाकारा. अगदी रेताड आणि दगडगोट्यांची जमीनही नको, कारण तिथून पाणी काही न गाळता सरळ खाली जातं. चांगली म्हणजे पोयट्याची, मध्यम निचऱ्याची, थोड्याशा उताराची. आणि पूररेषेच्या आत दफनभूमी असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही मी ती सुचवणार नाही.

एक अपवाद सांगायला हवा. इबोलासारख्या रोगाने मृत्यू झाला असेल तर आरोग्य खात्याचे नियम सगळ्याच्या वर. तिथे कुटुंबाने पर्यायांवर घासाघीस करू नये.

एम्बामिंग, म्हणजे शवलेपन, टाळता आलं तर तुमच्या हातून झालेलं ते सगळ्यात मोठं काम. त्यात रक्त काढून फॉर्मल्डिहाइडयुक्त द्रव धमन्यांतून भरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. जमिनीत ते कालांतराने तुटतं हे खरं, पण तोवर ज्या जीवाणूंनी काम करायचं त्यांनाच मारतं, आणि सर्वाधिक धोका ते रोज हाताळणाऱ्या कामगाराला असतो. अमेरिकेत यादवी युद्धापासून 20व्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत याच कामाला आर्सेनिक वापरत. ते मूलद्रव्य असल्यामुळे तुटत नाही, आणि त्या काळच्या काही दफनभूमींच्या मातीत अजून सापडतं. शवलेपनाशिवाय देह ठेवणं आरोग्याला घातक असतं असं कोणी म्हणालं तर ते सर्वसाधारण मृत्यूंबाबत खरं नाही.

थंडावा पुरतो. शवागारात 2 ते 4 अंशांवर देह काही दिवस व्यवस्थित राहतो. घरी ठेवायचा असेल तर कोरडा बर्फ कापडात गुंडाळून पोट आणि छातीखाली ठेवतात. तो उणे 78 अंशांचा असतो, म्हणून हातमोजे घाला, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो म्हणून खिडकी उघडी ठेवा. परदेशातून किंवा विमानाने देह आणायचा असेल तर बऱ्याच ठिकाणी शवलेपन सक्तीचं असतं. अशा वेळी जिथे मृत्यू झाला तिथेच जवळपास दफन करणं हा सगळ्यात हलका पर्याय आहे, जरी भावनिकदृष्ट्या तो सगळ्यात अवघड असतो. तो निर्णय तुमचा. मी त्यावर कोणालाही आग्रह करत नाही.

मग पेटी आणि वस्त्र. सगळ्यात साधं आणि सगळ्यात चांगलं म्हणजे न रंगवलेलं सुती किंवा तागाचं कापड आणि खाली एक साधी फळी. फळी यासाठी की नुसत्या कापडातला देह सहा जणांनाही सरळ उतरवता येत नाही. उतरवायला रुंद सुती पट्टे वापरा. लोकरही चालते, कुजायला जरा वेळ घेते. पेटी हवीच असेल तर जवळच्या साध्या, मऊ लाकडाची, लाकडी खुंट्यांनी जोडलेली, दोरीच्या कड्यांची. वेत, बांबू, जाड पुठ्ठा हेही ठीक, पण अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेल्या बांबूपेक्षा गावच्या सुताराची साधी फळकुटं मी केव्हाही पसंत करीन. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेले तक्ते) टाळा. त्यांच्या गोंदातच फॉर्मल्डिहाइडची राळ असते, आणि वरचा सागवानी दिसणारा पापुद्रा बहुधा प्लास्टिकचा असतो.

'बायोडिग्रेडेबल' या शिक्क्यावर फार विसंबू नका. मक्यापासून बनवलेलं पीएलए नावाचं प्लास्टिक हा शिक्का घेऊन येतं, पण ते तुटायला औद्योगिक कंपोस्टचं 58-60 अंशांचं तापमान लागतं. कबरीत ते कधीच मिळत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' लिहिलेलं कापड किंवा पिशवी तर मोडून तिचे सूक्ष्म कण होतात, एवढंच. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: सामान्य मातीच्या तापमानाला, घरच्या खताच्या खड्ड्यात, हे किती महिन्यांत कुजतं? उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. अंगावरच्या कपड्यांनाही हेच लागू. पॉलिस्टर, इलॅस्टिक, चेन, बूट, चष्मा काढून ठेवा.

पेसमेकर असेल तर काढून घ्यायला सांगा. त्यात लिथियमची बॅटरी असते, आणि दहन होणार असेल तर तिचा भट्टीत स्फोट होतो, म्हणून तिथे ते काढणं अनिवार्यच आहे. टायटॅनियमचा सांधा मातीत निरुपद्रवी पडून राहतो, त्यासाठी शस्त्रक्रिया नको. दातांतल्या चांदीसारख्या भरणीत निम्मा पारा असतो. जमिनीत तो बराचसा त्या मिश्रधातूतच अडकून राहतो, भट्टीत मात्र वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतो.

तुम्ही विचारलेल्या विशेष वस्तूंबद्दल थोडक्यात सांगते. बुरशीचा पोशाख, म्हणजे मशरूमचे बीजाणू शिवलेलं वस्त्र, कलाकार जे रीम ली यांनी 2011 मध्ये मांडला आणि 2019 मध्ये अभिनेते ल्यूक पेरी यांच्या दफनामुळे तो जगभर चर्चेत आला. कल्पनेमागची भावना मला आवडते. पण खाण्याच्या मशरूमच्या जाती मुख्यतः लाकूड आणि पालापाचोळा खातात. देहाचं काम शरीरातले आणि मातीतले जीवाणू आधीच करतात, त्यांना शिवलेल्या बीजाणूंची गरज नसते. चांगल्या मातीत पोशाखाने फरक पडत नाही, वाईट मातीत तो वाचवू शकत नाही. बुरशीच्या जाळ्यापासून वाढवलेली पेटी नेदरलँड्समध्ये 2020 पासून वापरात आली. लाकूड न तोडता आठवडाभरात वाढते म्हणून पेटी म्हणून ती चांगली आहे, याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

झाड उगवणाऱ्या कुपीत बहुतेक वेळा देह नसतो, दहनानंतरची रक्षा असते. इथे लोकांची फार फसगत होते असं मला वाटतं. रक्षेत कार्बन आणि नायट्रोजन जळून गेलेले असतात. उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि भरपूर सोडियम. तिचा सामू (pH) 11 ते 12 च्या आसपास, म्हणजे फार क्षारीय, असतो. एवढ्या क्षारात रोपाची कोवळी मुळं जळतात, आणि मग आईच्या किंवा बाबांच्या नावाचं झाड डोळ्यांदेखत वाळताना बघण्याचं दुःख पदरी येतं. रक्षा झाडाला द्यायचीच असेल तर ती मोठ्या ढिगाएवढ्या कंपोस्टमध्ये नीट मिसळून काही महिने मुरवा आणि मुळांपासून लांब, पातळ थरात पसरवा.

ज्यांना जागेअभावी दफन शक्य नाही त्यांच्यासाठी दोन नवे मार्ग खरोखर विचार करण्याजोगे आहेत. पहिला क्षारीय जलविघटनाचा, ज्याला लोक पाण्याचं दहन म्हणतात. पाणी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांच्या मिश्रणात देह ठेवून, दाबाखाली 150 अंशांवर चार ते सहा तास किंवा दाबाशिवाय 90-98 अंशांवर 14 ते 20 तास ठेवतात. मऊ भाग विरघळून निर्जंतुक द्रव होतो आणि हाडं उरतात, त्यांची पांढरी पूड कुटुंबाला देतात. ज्वाला नाही, धूर नाही, पाऱ्याची वाफ नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी स्वतःसाठी हाच मार्ग मागितला होता आणि 2022 च्या सुरुवातीला तो तसाच पार पडला. नेदरलँड्समधल्या टीएनओ या संशोधन संस्थेने पद्धतींची तुलना केली तेव्हा पर्यावरणावरचा एकूण भार याच पद्धतीचा सर्वांत कमी निघाला, आणि नेहमीच्या दफनाचा सर्वांत जास्त. त्यामागे अडकून पडलेली जमीन आणि दगडी स्मारक ही मोठी कारणं होती. दगड, कोठी आणि कायमची अडवलेली जागा काढून टाकल्यावर दफनाचं गणित बदलतं, हे ती तुलना वाचताना लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग देहाच्या कंपोस्टचा. कॅटरीना स्पेड यांनी तो उभा केला आणि मृदाशास्त्रज्ञ लिन कार्पेंटर-बॉग्ज यांनी देहदान केलेल्या सहा जणांवर त्याची शास्त्रीय चाचणी घेतली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये त्याला कायद्याची मान्यता दिली, मग इतर काही राज्यांनी. बंद पात्रात लाकडाच्या ढलप्या, लसूणघास आणि पेंढा यांच्यात देह ठेवतात, हवा खेळती ठेवतात, आणि जीवाणूंच्या कामानेच आतलं तापमान 55 अंशांच्या वर जातं. सलग तीन दिवस ते तिथे टिकलं की रोगजंतू संपतात. महिनाभराने पात्र उघडून हाडं बारीक करून परत मिसळतात, आणि आणखी काही आठवडे मुरल्यावर पाऊण घनमीटरच्या आसपास माती मिळते. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणाऱ्या मेंदूच्या रोगांत ही पद्धत चालत नाही, कारण तेवढ्या उष्णतेने प्रिऑन नष्ट होत नाहीत. मृदाशास्त्रज्ञ म्हणून मला ही पद्धत अतिशय सुंदर वाटते. पण ती जगात मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे, आणि हजार किलोमीटर देह नेऊन तिचा फायदा उरत नाही. द्रवरूप नायट्रोजनने देह गोठवून भुगा करण्याची स्वीडनमधली योजना कधीच प्रत्यक्षात उभी राहिली नाही. तिची जाहिरात कुठे दिसली तर पैसे देऊ नका.

प्रवासाचा विषय निघालाच आहे. गॅसवरच्या एका दहनातून साधारण 200 ते 400 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो असं मानतात. आता 50 गाड्या जाऊन-येऊन 100 किलोमीटर धावल्या तर 15 च्या सरासरीने 330 लिटरच्या वर पेट्रोल लागतं, आणि लिटरमागे 2.3 किलोप्रमाणे साडेसातशे किलोंहून जास्त वायू सुटतो. एका बसने लोकांना नेलंत तर पेटीच्या निवडीपेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

आता जमिनीचं पुढे काय, हा माझ्या मनाला सर्वांत जवळचा मुद्दा. इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे 1993 मध्ये केन वेस्ट यांनी नगरपालिकेच्या दफनभूमीत वनदफनाची जागा सुरू केली आणि तिथून ही चळवळ पसरली. ब्रिटनमध्ये आज अशा दोनशेहून अधिक जागा आहेत. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या रॅमसी क्रीक इथे 1998 मध्ये बिली आणि किंबर्ली कॅम्पबेल या दांपत्याने एक पाऊल पुढे टाकलं: दफनाच्या शुल्कातून जंगल राखायचं आणि त्या जमिनीवर पुढे कधीही बांधकाम होणार नाही असा कायदेशीर बंध घालायचा. नेहमीच्या दफनभूमीत एकरी हजाराच्या आसपास कबरी असतात, अशा संवर्धन-दफनभूमीत एकरी शंभर ते तीनशेच. इथे तुमच्या वडिलांचं दफन एका जमिनीचं रक्षण करतं. नैसर्गिक दफनाची एवढी मोठी शक्यता दुसऱ्या कशात नाही, आणि म्हणून जागा निवडताना मी कुटुंबांना आधी मालकीची कागदपत्रं बघायला सांगते. नुसतं 'हरित' नाव असलेली, पण खाजगी आणि उद्या विकता येण्यासारखी जमीन मला पुरेशी वाटत नाही. जागा भरल्यावर सांभाळ कोण करणार, तणनाशक वापरतात का, गवत वर्षातून किती वेळा कापतात, हेही विचारा.

झाड लावायची घाई करू नका. माती बसेपर्यंत निदान वर्षभर थांबा, आणि झाड कबरीच्या कडेला लावा, अगदी वर नको. त्या भागातलं, त्या मातीत आपोआप येणारं झाडच लावा. आणि जागा मुळात गवताळ असेल तर तिथे झाडं लावूच नका. गवताळ प्रदेश म्हणजे ओसाड जमीन असा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. तिथले पक्षी, फुलपाखरं, रानफुलं झाडांच्या सावलीत टिकत नाहीत. अशा ठिकाणी देशी गवताचं बी पेरणं हीच खरी श्रद्धांजली. ओळखीसाठी जमिनीसरसा ठेवलेला तिथलाच एक दगड आणि नोंदवहीत अक्षांश-रेखांश एवढं पुरतं.

जवळपास नैसर्गिक दफनभूमी नसेल तर निराश होऊ नका. साध्या दफनभूमीतही शवलेपन टाळता येतं, साधी पेटी किंवा कापड वापरता येतं. काँक्रीटची कोठी सक्तीची आहे का ते लेखी विचारा. बऱ्याच वेळा तो कायदा नसतो, जमीन खचू नये म्हणून व्यवस्थापनाने केलेला नियम असतो, आणि तळ नसलेली किंवा उलटी ठेवलेली कोठी चालेल का असं विचारलं तर होकार मिळतो. तेवढ्यानेही देह मातीला टेकतो. एक टन सिमेंट तयार करताना 600 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे वरचा चौथरा न बांधणं हीसुद्धा मोठी बचत आहे.

वडील आहेत तोवर त्यांच्याशी बोलून हे सगळं एका पानावर लिहून घ्या: शवलेपन नको, कापड कोणतं, जागा कोणती, खोली किती, दगड की गवत. पेसमेकर आहे का, आणि अलीकडे किरणोत्सारी औषधाचे उपचार झाले आहेत का, हेही त्यावर असू द्या. तसे उपचार झाले असतील तर देह हाताळणाऱ्यांना ते आधी कळायला हवं. पानावर त्यांची सही घ्या आणि प्रती घरातल्या दोघांकडे व त्यांच्या डॉक्टरांकडे द्या. मृत्युपत्रात मात्र ठेवू नका. ते बहुतेक घरांत दफन उरकल्यानंतरच उघडलं जातं.